बोनेटवरचे तीस गोल

मार्चमधला शेवटचा सोमवार, सकाळचे सव्वादहा. वादातली रक्कम नऊ हजार रुपये. हजर माणसं चार: आमचे शेठ, पेंटर रशीदभाई, गाडीमालक भाऊसाहेब आणि मी. मध्ये भाऊसाहेबांची गडद निळी गाडी. चौघेही तिच्या बोनेटकडे बघत होतो.

"गाडेकर, हे काय आहे?" शेठनी विचारलं.

"गोल आहेत, शेठ."

"ते मलाही दिसतंय. कशाचे आहेत?"

"माहीत नाही."

"मग इथं मॅनेजर कोण आहे?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे मला अकरा वर्षांत कळलेलं आहे. मी खिशातून टेप काढली आणि मोजायला लागलो. तीस गोल. पाच ओळी, प्रत्येक ओळीत सहा. व्यास साडेदहा ते बारा सेंटिमीटर. शिवाय ड्रायव्हरच्या बाजूला आठ वेगळे ठसे, दोरीचं वेटोळं करून ठेवावं तसे. समोरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. मान तिरकी केली की ट्यूबच्या उजेडात तेवढ्या तेवढ्या जागची चकाकी मेलेली दिसायची. बोट फिरवलं तर हाताला किंचित खरखरीत.

मी नगरच्या एमआयडीसीत एका बॉडीशॉपचा मॅनेजर आहे. बॉडीशॉप म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचं गॅरेज. वाकलेला पत्रा सरळ करायचा आणि रंग द्यायचा. इंजिनाशी आमचा संबंध नाही. त्याआधी मी नऊ वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. म्हणून खिशात टेप असते आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची खोड आहे.

आता ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगतो. भाऊसाहेब म्हणजे बेलापूरचे रिटायर्ड ग्रामसेवक. फेब्रुवारीत त्यांच्या पुढे उसाची ट्रॉली होती. चढाला ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली मागे आली. उसाच्या बुडख्यांनी बोनेट चेपलं आणि खरवडलं. आम्ही पत्रा सरळ केला, रंग दिला, बिल इन्शुरन्सने भरलं. गाडी घरी गेली. सगळे खूश.

नवव्या दिवशी गाडी परत. सगळ्या बोनेटवर कापडाचं पोत उठलेलं. अगदी सतरंजीसारखं.

त्याचं कारण लगेच कळलं. भाऊसाहेबांनी गाडी नेली त्याच संध्याकाळी श्रीरामपूरहून अठराशे पन्नास रुपयांचं नवं कव्हर आणलं आणि घट्ट बांधून टाकलं. नवा रंग आहे, धूळ बसू नये, म्हणून.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गाडीच्या रंगाचे मुख्य थर तीन. खाली प्रायमर, मध्ये रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हा क्लिअर पारदर्शक असतो आणि चकाकी त्याचीच असते. त्यात हार्डनर मिसळतात, म्हणजे तो घट्ट होतो. मग बूथमध्ये, म्हणजे गाडी मावेल एवढ्या बंद खोलीत, साठ डिग्रीला अर्धा तास भाजतात. बाहेर काढल्यावर बोट लावलं तर रंग बोटाला लागत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, सुकला. तो वरून सुकलेला असतो. आत अडकलेलं थिनर, म्हणजे रंग पातळ करायला घातलेलं द्रव, पुढे तीन-चार आठवडे थोडं थोडं उडत राहतं. त्याला बाहेर पडायला वाट मोकळी लागते. वाट बंद केली की ते आतल्या आत क्लिअरला मऊ करतं, आणि वर जे टेकलेलं असेल त्याचा ठसा उठतो.

एवढंच आहे. पण एवढंच कुणाला पटत नाही. एका डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी पॉलिश मारून आणलं. एकाने त्याच रात्री दारावर 'आईचा आशीर्वाद' चिकटवला आणि दोन आठवड्यांनी फॉन्ट आवडला नाही म्हणून ओढून काढला. आशीर्वादाबरोबर क्लिअरही निघाला. प्रत्येक जण काळजी घेतो. काळजी घेणाऱ्या गिऱ्हाइकाची मला जास्त भीती वाटते.

भाऊसाहेबांनी मला सरळ विचारलं होतं, "कव्हर घालू नये, असं आपण सांगितलं होतं का?"

"मी जपा म्हणालो होतो."

"जपलीच. अठराशे पन्नास खर्चून जपली."

बरोबर होतं. मी स्पष्ट सांगितलं नव्हतं. आम्ही बोनेट फुकट रंगवून दिलं. मालाचे एकतीसशे वर्कशॉपने सोसले. रशीदभाई पगारावर नाहीत. त्यांना पॅनलवर, म्हणजे गाडीच्या एकेका भागामागे पैसे मिळतात, बोनेटचे चौदाशे. त्या चौदाशेबद्दल शेठ म्हणाले, "नंतर बघू." नंतर कुणी बघितलं नाही.

त्या वेळी मी एक कागद तयार केला. आठ नियम, एका पानावर. एक महिना कव्हर नको. दोन महिने पॉलिश नको. गाडी शक्यतो एका जागी, उन्हात, उघडी ठेवावी. झाडाखाली नको. धुवायची तर फक्त पाण्याने. सुक्या फडक्याने पुसू नये. पाखरांची घाण लगेच धुवावी. स्टिकर, टेप नको. त्या कागदाचा मला अभिमान होता, हे कबूल करतो. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला, खाली माझी सही आणि तारीख घेतली, झेरॉक्स काढून एक प्रत मलाच दिली आणि म्हणाले, "आता काही प्रश्नच नाही."

होळीच्या आदल्या दिवशी गाडी गेली. आणि आज परत आली होती.

भाऊसाहेब फाइल घेऊनच आले होते. त्यांनी कागद उघडला. प्रत्येक नियमापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण होती.

"कव्हर?" मी विचारलं.

"आजतागायत नाही. कव्हर माळ्यावर टाकलंय."

"झाड?"

"अंगणात झाडच नाही. सदर वाहन नियम क्रमांक तीनप्रमाणे उन्हात उभं आहे. मी तर एसटीने हिंडतोय. काल रविवारी नुसत्या पाण्याने धुतलं आणि हे दिसलं."

"घरात कुणी बोनेटवर काही ठेवलं असेल?"

"घरात माणसं दोन. मी आणि मिसेस. ठेवणार कोण?"

शेठ इतका वेळ वाकून बघत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "मला कळलंय. हे डब्यांचे ठसे आहेत. रशीद, तू क्लिअरचे डबे बोनेटवर ठेवलेस."

रशीदभाई सव्वीस वर्षं गन चालवतात. गन म्हणजे रंग मारायची बंदूक. राहुरीपासून श्रीगोंद्यापर्यंतची गिऱ्हाइकं गाडी सोडताना विचारतात, रंग रशीदभाईच मारणार ना? हा माणूस ताज्या पॅनलपासून दोन हात लांब उभा राहून बोलतो, तोंडातली वाफ लागेल म्हणून.

ते म्हणाले, "शेठ, डबे मी माझ्या डोक्यावर ठेवीन. बोनेटवर नाही ठेवणार."

"मग हे काय आभाळातून पडलं? आणि आता मला त्या कव्हरचंही पटत नाही. रंगच कच्चा होता. दोन्ही वेळचा माल एकतीसशेप्रमाणे बासष्टशे तुझ्या हिशेबातून कापणार. दोन्ही वेळची मजुरी नाही, अठ्ठावीसशे. गाडेकर, किती झाले?"

"नऊ हजार," मी म्हणालो. बेरीज बरोबर होती, बाकी काहीच बरोबर नव्हतं.

रशीदभाईंनी खिशातून बूथची चावी काढली, केबिनमध्ये जाऊन शेठच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

"नऊ हजार कापा शेठ, मी मरणार नाही. पण रशीदनं कच्चा रंग मारला, हे उद्या सगळ्या एमआयडीसीत होईल. असलं नाव घेऊन मला गन धरायची नाही."

"धमकी देतोस?"

"चावी देतोय."

ते गेले नाहीत. बूथबाहेर स्टुलावर बसले आणि शनिवारीच धुतलेली गन पुन्हा उघडून धुवायला लागले. शेठ मला म्हणाले, "शुक्रवारपर्यंत मला कारण पाहिजे. नाहीतर पेंटर मिळेल दुसरा." दुसरा पेंटर मिळतो. चार महिन्यांत सहा गाड्या परत येतात आणि मग तोही जातो. हे मी शेठना तीनदा आकड्यांसह दाखवलेलं आहे.

दुपारी मी बूथचं रजिस्टर काढलं. ते मी स्वतः ठेवतो. बोनेट दुसऱ्यांदा रंगवलं त्या दिवशीची नोंद होती: क्लिअर दोन भाग, हार्डनर एक, तापमान साठ, वेळ तीस मिनिटं. त्याच मिश्रणातून त्याच दिवशी एका चंदेरी गाडीचं दार रंगवलेलं होतं. मंगळवारी सकाळी मी सावेडीत त्या गाडीमालकाच्या घरी गेलो. दार भिंगातून बघितलं. काचेसारखं लख्ख. एक ठिपका नाही. माल कच्चा असता तर दारही कच्चं निघालं असतं.

परत येऊन वर्कशॉपमधली प्रत्येक गोल वस्तू मोजली. क्लिअरचा डबा सतरा सेंटिमीटर. हार्डनरचा नऊ. प्रायमरचं झाकण पावणेदहा. चहाचा ग्लास साडेपाच. पोरं हसत होती. एक जण म्हणाला, "साहेब, शेठचं टक्कलबी मोजा." अकराच्या आसपास काहीही नव्हतं. शिवाय डबे एका मापाचे असतात आणि हे गोल एकसारखे नव्हते. कुणी साडेदहा, कुणी बारा, कुणी एका बाजूला ओघळलेला. हे यंत्राचं काम नव्हतं, हाताचं होतं. आणि ती आठ वेटोळी कुठल्या डब्याची?

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "कारण नाही ते सांगू नकोस. कारण आहे ते सांग."

भाऊसाहेबांना फोन लावला. परत विचारलं, बोनेटवर काही ठेवलं होतं का, घरात नीट विचारा.

"विचारायचं काय त्यात? मी सांगतोय ना."

"काकूंना विचारलंत?"

"तिचा गाडीशी संबंध काय? तिनं अजून पुढचं दार उघडलेलं नाही." फोन ठेवला.

बुधवारी मी रजा टाकली आणि बाइकने बेलापूरला गेलो. पावणेदोन तास लागले. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. मला फक्त गाडी उभी असते ती जागा बघायची होती. वर पत्र्याची गळती असेल, शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल, काहीतरी असेल.

तसलं काहीही नव्हतं. घर साधं, स्लॅबचं, पुढे मोकळं अंगण. अंगणात चार टायरांच्या खुणा आणि रिकामी जागा. कडेला एक बाज, बाजेवर प्लास्टिक अंथरलेलं आणि शेजारी स्टुलावर एक बाई हातात वेताची काठी घेऊन कोंबड्या हाकत होत्या.

"नमस्कार काकू. मी गाडेकर. नगरहून आलोय, गाडीच्या वर्कशॉपमधून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलात व्हय? मग गाडी कुठंय?"

"गाडी तिकडंच आहे. मी जागा बघायला आलोय."

"जागा काय बघायची? ही बघा, मोकळी पडलीय सोमवारपासनं. तुमी गाडी न्हेली अन् माझी लई पंचाईत करून ठिवली."

"भाऊसाहेबांना जायला-यायला अडचण होत असेल."

"त्यांना कसली अडचण? एसटी हाय की. अडचण माझी हाय. ह्या बाजंवर निम्मं बी मावंना. अन् ह्या मेल्या कोंबड्या!" काठी आपटली. "कधी देताय गाडी? माझ्या कुरडयांचा अजून एक घाणा राह्यलाय."

मी बाजेकडे बघितलं.

प्लास्टिकवर पळीपापड घातलेले होते. तांदळाचे. पळीने पीठ ओतून फिरवलेले. सरळ ओळीत. त्यांच्या शेजारी कुरडया, वेटोळ्यांच्या. मी दोन पावलं पुढे गेलो, वाकलो आणि टेप लावली. पहिला अकरा. दुसरा साडेदहा. तिसरा पावणेबारा आणि एका बाजूला ओघळलेला.

"काय करताय?"

"मोजतोय."

"टेपनं पापड मोजत्यात व्हय कुणी?"

मी ओट्यावर बसलो. माझ्याही घरी दर वर्षी कुरडया होतात. तीस गोल आणि आठ वेटोळी दोन दिवस डोळ्यांसमोर होती आणि मला ओळखता आली नाहीत. कारण घरचं वाळवण मी फक्त तळलेलं बघतो.

"काकू, हे तुम्ही गाडीच्या बोनेटवर घालत होतात?"

"मंग? होळी झाल्यापास्नं तिथंच घालते. लई झ्याक वाळत्यात. वरनं ऊन, खालनं पत्रा तापल्याला. दोन दिसांचं काम एका दिसात. गच्चीवर चढायचं म्हंजे माझं गुडघं न्हाई म्हनत्यात. अन् तिथं कुत्रं पोचत न्हाई, कोंबडी चढली तर घसरून खाली."

क्लिअर कोट किती गुळगुळीत आहे याची इतकी चांगली पावती मला कुठल्या कंपनीने दिलेली नाही.

"भाऊसाहेबांना माहीत आहे?"

"ते दहाला जात्यात पतसंस्थेत, सहाला येत्यात. तवर मी समदं काढून घेते. त्यास्नी पापड ताटात आल्यावर दिसतो."

"आणि गाडीवर का घालावंसं वाटलं?"

"त्यांनीच सांगितलं की. गाडी महिनाभर हलवायची न्हाई, झाकायची न्हाई, उन्हातच ठिवायची. साहेबाचा कागद हाय म्हनले." त्यांनी आत बोट दाखवलं. दारातून दिसत होता. माझा कागद, कपाटावर चार बाजूंनी टेप लावून चिकटवलेला. "मी म्हनलं, एवढी जागा उन्हात मोकळी पडलीय, तर वापरू. अन् गाडीला डाग पडू नये म्हनून नवं पलास्टिक आणलं बाजारातनं. मीटरवर."

प्लास्टिक. सुती धोतर घातलं असतं तर कदाचित इतकं झालं नसतं. खाली पत्रा तापलेला, वर हवाबंद प्लास्टिक, त्यावर गरम ओलं पीठ. पिठाच्या वजनाने जिथे जिथे प्लास्टिक टेकलं तिथे तिथे थिनरची वाट बंद झाली. मधल्या जागेतून हवा खेळली, तिथे रंग चांगला राहिला. म्हणून गोल. आणि रंग सगळ्यात ताजा होता तो पहिल्या घाण्याला, म्हणून ठसे त्या एकाच खेपेचे. सगळं जुळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त पाणी प्यावंसं वाटत होतं.

मी भाऊसाहेबांना फोन करून बोलावलं. दहा मिनिटांत आले. मी बाजेकडे बोट दाखवलं आणि सांगितलं.

"अगं, गाडीवर?" ते ओरडले. "साडेनऊ लाखांच्या गाडीवर पापड?"

"मंग काय झालं? खाली पलास्टिक हुतं."

"मला विचारायचं तरी!"

"तुमी कव्हर घातलं तवा मला इचारलं हुतं?"

मग मी म्हणालो की आता रंगाचा खर्च तुमच्याकडे येईल, माल आणि मजुरी मिळून पंचेचाळीसशे. तेवढ्यात भाऊसाहेबांमधला ग्रामसेवक जागा झाला. आत जाऊन त्यांनी कपाटावरचा कागद सोडवून आणला.

"वाचा. नियम क्रमांक तीन."

"मीच लिहिलाय, भाऊसाहेब."

"तरी वाचा."

"गाडी शक्यतो एका जागी, उन्हात, उघडी ठेवावी."

"ठेवली. आता नियम क्रमांक एक. कव्हर घालू नये. पापड हे कव्हर आहे काय? सदर कागदात वाळवणाचा उल्लेख कुठेही नाही."

"कुठल्या वर्कशॉपच्या कागदात असतो?"

"तो आपला प्रश्न."

मी पावणेदोन तास उन्हातून आलो होतो आणि माझ्याच कागदाने मला गाठलं होतं. आवाज चढणार होता माझा. पण काकू मध्ये पडल्या.

"थांबा वो जरा. साहेब, मला सांगा, गाडीचा रंग सुकला न्हवता का?"

"वरून सुकला होता काकू. आतून नाही. महिनाभर आतलं थिनर उडत असतं. त्याला वर काही टेकलेलं चालत नाही."

त्यांनी बाजेवरचा एक पापड उचलला, दोन बोटांत वाकवला. "म्हंजे ह्याच्यासारखा. वरनं वाळल्याला, आतनं वला. असा डब्यात भरला तर चार दिसांत बुरशी."

"अगदी तसंच."

"मंग हे आदी का न्हाई सांगितलं?"

"कागदावर लिहिलं होतं."

"कागद ह्यांच्या हातात दिला. अंगण माझ्या हातात हाय." पापड जागेवर ठेवला. "बरं, आता नुसकान कुनाचं होतंय?"

खरं म्हणजे हे गिऱ्हाइकाला सांगू नये. पण मी सांगितलं. सव्वीस वर्षं काम करणाऱ्या पेंटरवर आळ आलाय, नऊ हजार कापणार आहेत, त्याने चावी टेबलावर ठेवलीय.

काकूंनी काठी खाली ठेवली. "माझ्या पापडापायी? न्हाई न्हाई. पैसं आमी देऊ."

"अगं, पण कागदात—"

"कागद गप ठिवा."

भाऊसाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मी निघताना काकूंनी डब्यातून पहिल्या घाण्याचे दोन पापड, त्यात एक ओघळलेला, आणि एक कुरडई वर्तमानपत्रात बांधून दिली. खायला नव्हती. पुरावा म्हणून मीच मागितली होती.

संध्याकाळी सव्वापाचला मी ती पुडी शेठच्या देखत बोनेटवर सोडली. ओघळलेला पापड ओघळलेल्या गोलावर ठेवला. किंचित लहान पडला, वाळल्यावर आकसतो म्हणून, पण ओघळलेली बाजूसुद्धा जुळली. कुरडई वेटोळ्यावर ठेवली. सगळं बॉडीशॉप जमा झालं. कुणीतरी शिट्टी मारली.

शेठनी पापड उचलला, उलटा करून बघितला, परत ठेवला. म्हणाले, "बरं." आणि केबिनमध्ये गेले.

रशीदभाई गर्दीच्या मागे उभे होते. ते पुढे आले आणि ओळींवरून तिरकी नजर टाकली.

"ओळी बघा साहेब. माझी पोरं चिकटपट्टी लावूनसुद्धा रंगाची कड एवढी सरळ आखत नाहीत."

तीन दिवसांत ते पहिल्यांदा हसले. मी म्हणालो, चला, चावी घेऊ या. ते हलले नाहीत. "चावी मी शेठच्या टेबलावर ठेवली. ती तिथून मी उचलणार नाही. तुम्हीही आणू नका."

गुरुवारी सकाळी गाडी घासून तयार होती आणि बूथला कुलूप होतं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. रशीदभाई स्टुलावर. शेठ केबिनमध्ये. मी दोन्हीकडे दोन चकरा मारल्या आणि दोन्हीकडून सारखंच उत्तर मिळालं: "काय घाई आहे?" एका गाडीचं काम अडलं की मागे सात गाड्या अडतात. हे दोघांनाही माहीत होतं. पावणेदहाला शेठ बाहेर आले, बूथपाशी गेले, आतला दिवा बघायचाय असं काहीतरी पुटपुटत कुलूप उघडलं आणि चावी कुलपातच ठेवून परत गेले. रशीदभाईंकडे बघितलंही नाही.

रशीदभाई उठले. "शेठकडनं एवढंच निघतं," म्हणाले, आणि गन उचलली.

पुढच्या मंगळवारी गाडी दिली. या वेळी भाऊसाहेबांबरोबर काकू आल्या होत्या. मी कागद वाचून दाखवला, काकूंना. त्यांनी तीनच प्रश्न विचारले, तिन्ही कामाचे. कागदाला आता नववा नियम आहे: बोनेटवर, टपावर, डिकीवर काहीही ठेवू नये. भाऊसाहेबांनी विचारलं, "काहीही यात हार येतो का?" काकू म्हणाल्या, "येतो." सही काकूंनी केली. मग त्यांनी रशीदभाईंना बोलवायला सांगितलं.

"भाऊ, तुमच्यावर आळ आला माझ्यामुळं."

"जाऊ द्या काकू. एक सांगू? पुढच्या वर्षी पीठ जरा घट्ट करा. एक ओघळला होता."

"तो शेवटचा हुता. पातेल्याला लागल्यालं पाणी घालून काढलं."

तेव्हापासून गाडी देताना मी मालकाला विचारतो, घरात वाळवण कोण घालतं? लोक चमत्कारिक बघतात. पण वाळवण घालणाऱ्या माणसाला फोनवर घेतल्याशिवाय मी गाडीची चावी देत नाही. त्यानंतर त्या कारणाने गाडी परत आलेली नाही. इतर कारणांनी येतात.

शेवटचा हिशेब असा. भाऊसाहेबांनी पंचेचाळीसशे दिले. त्यातले एकतीसशे वर्कशॉपला, पावती घेऊन, आणि चौदाशे काकूंनी स्वतः रशीदभाईंच्या हातात. कव्हरच्या वेळचा माल वर्कशॉपच्याच अंगावर राहिला. त्या वेळची मजुरी चौदाशे राहिली होती. कव्हर घालू नका हे सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं, म्हणून ते मी शनिवारी माझ्या खिशातून दिले. रशीदभाईंनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले. त्यांना एकूण मिळाले अठ्ठावीसशे. कापले गेले शून्य. शेठकडून त्यांना एक चहा मिळाला. तो कॅन्टीनवाल्याने माझ्या नावावर लिहिला आहे.